पाडसाला वास नसतो

पूर्वी वाराणसी नगरीत एक राजा राज्य करीत असताना, त्याच्या राज्याची सीमा संपते त्याच्याही पलीकडे, हिमवंताच्या एका उंच माळावर बोधिसत्त्व सांबराच्या कुळात जन्माला आले होते. माळाच्या एका अंगाला देवदारांचं काळं रान होतं, दुसऱ्या अंगाला उघडा कातळ, आणि मधे कोसभर पसरलेली दलदल. वर्षातले आठ महिने तिथे बर्फ असे, नाहीतर धुकं. उरलेल्या चार महिन्यांत गवत, फुलं, मधमाश्या, पाडसं, सगळ्यांनाच एकदम घाई व्हायची.

बोधिसत्त्व कळपाचे नायक होते. सगळे त्यांना 'थोरले' म्हणत. पाडसं जन्मली की प्रत्येक आईला लपणीची एक जागा ते नेमून देत आणि दर वर्षी तेच शब्द सांगत, "दोनदाच जायचं. सकाळी एकदा, उन्हं कलताना एकदा. शक्य तिथे पाण्यातून जायचं, येताना वाट बदलायची. पाडसाला वास नसतो. वास आईच्या खुरांना असतो."

त्या वर्षी धूमिका नावाची हरिणी पहिल्यांदाच आई झाली होती. तिचं पाडस बारीक चणीचं, पायांनी लटपटणारं. त्याच दिवशी व्यालेल्या पाटलेचं मात्र जन्मल्या जन्मल्या उठून उभं राहिलं, आणि सगळा कळप बघायला जमला. पाटलेचं हे तिसरं. बाळाला चाटून, पाजून ती शांतपणे चरायला निघून गेली, जणू बाळंत दुसरीच कोणी झाली होती.

"हिला काळजी म्हणून नाहीच," धूमिका मनात म्हणाली. मग तिला वाटलं, काळजी नसताना हिचं इतकं छान कसं? आणि माझं, एवढ्या काळजीनं, असं कसं?

त्यातच जागा नेमल्या गेल्या. पाटलेला मिळाली रानाच्या कडेला उन्मळून पडलेल्या देवदाराखालची खोबण. कोरडी, मऊ, सकाळचं ऊन थेट आत येणारी. धूमिकेला मिळालं दलदलीच्या मधोमध गवताचं एक बेटकं. तिथे जायचं तर पोटरीभर पाण्यातून.

"थोरले, माझं पाडस आधीच नाजूक आहे," धूमिका म्हणाली.

"म्हणूनच," बोधिसत्त्व म्हणाले.

या उत्तराचा अर्थ तिला लागला नाही. विचारावं, तर कळपात कोणी हसेल म्हणून तिनं विचारलंही नाही. मग न कळलेल्या उत्तराचं जे होतं तेच झालं. रात्रंदिवस ते तिच्या पोटात सलत राहिलं. लाडक्यांना लाकूड आणि नावडत्यांना चिखल, असा तिनं त्याचा अर्थ लावला.

चौथ्या दिवशी पहाटे धुकं इतकं दाट होतं की टिटवी ओरडत होती ती जमिनीवरून की आकाशातून, ते कळत नव्हतं. पाटला कड्यापलीकडे चरायला गेली होती. धूमिकेनं आपलं पाडस दलदलीतून उठवलं, देवदारापाशी आणलं आणि पाटलेच्या पाडसाला हळूच नाकानं ढोसलं. "चल बाळा, आज तुझी जागा बदलली आहे." ते गुणी पोर मुकाट्यानं मागे चालू लागलं. त्याच्या गुणीपणाचाही तिला राग आला.

"दोनच दिवस," तिनं स्वतःला बजावलं. "माझ्याचे पाय जरा वाळू देत."

पण कोरड्या जागेनं तिचा जीव काही थाऱ्यावर आला नाही. इथे गरुड तर पाहत नसेल? सुरवंट तर चढला नसेल? आणि आता पाण्याचा अडसर नव्हता. दिवसातून दोनदाच्या जागी ती सात वेळा गेली, दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. प्रत्येक वेळी त्याच वाटेनं, कारण तीच जवळची. चरायला तिला सवडच उरली नाही, त्यामुळे पान्हा आटला. तरी आश्चर्य असं की पाडस भुकेनं रडत नव्हतं. गोल पोट घेऊन ते निवांत झोपलेलं असे.

"बघा," धूमिका मनात म्हणाली, "जागेचा गुण! आणि ही जागा तिला दिली होती."

तिसऱ्या दिवशी दुपारी माळावर शीळ ऐकू आली. पक्ष्याची नव्हे. रानकुत्री एकमेकांना हाक घालतात, तेव्हा अशी शीळ घालतात.

कळप कातळावर गोळा झाला. खाली तांबूस रंगाची सात कुत्री नाकं जमिनीला लावून चालली होती. धूमिका पाहत राहिली. जिथे तिनं मागे वळून पाहिलं होतं, तिथे कुत्री वळत होती. ज्या खडकापाशी ती पाऊल अडखळून थांबली होती, तिथे कुत्रीही थांबत होती. तिची काळजी जशी चालली होती, तशीच्या तशी कुत्री चालली होती, देवदाराकडे.

ती धावणार, तोच बोधिसत्त्व आडवे आले. "उभी राहा. तू गेलीस तर उरलेली वाटही त्यांना दाखवशील."

एवढं बोलून ते स्वतः उतारावरून निघाले. कुत्र्यांच्या समोरून, वारा आपला वास थेट त्यांच्याकडे नेईल अशा बाजूनं, खूर आपटत ते आडवे गेले. म्हातारं सांबर, धापा टाकणारं, हाताशी आलेलं! जुना वास सोडून सातही कुत्री त्यांच्या मागे लागली. रानातल्या घळीकडे शिंगं दिसली, मग नुसता आवाज ऐकू आला, आणि मग तोही नाही.

पाटला धूमिकेच्या शेजारी उभी होती. देवदाराकडे पाहत, पाय न हलवता. तिची ती स्थिरता धूमिकेला सोसवेना.

"अगं, तू कशाला घाबरतेस?" ती ओरडली. "तिथे तुझं नाहीच! तिथे माझं आहे. तुझं दलदलीत आहे. मी बदललं त्यांना."

"ठाऊक आहे मला," पाटला म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्याच संध्याकाळपासून. पाजायला गेले, तर हा भुकेला दुसराच. म्हटलं, ज्या जागेवरून हा आला, तिथेच माझा गेला असणार. मग पाण्यातून तिकडे जाऊन आले."

"मग बोलली का नाहीस? सगळ्यांत माझी शोभा करायचीस!"

"आणि मग काय? पुन्हा दोघांना उठवायचं, पुन्हा माळभर वास करायचा?" पाटला जराशी हसली. "लबाड आहे हो तुझा. डाव्या बाजूनंच पितो. उजवीकडे वळवलं की रुसतो."

डाव्या बाजूनं पिण्याची ती खोड जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे, असं धूमिकेला वाटत होतं. इतके दिवस जिचा हेवा केला, तिचंच दूध आपल्या बाळाच्या पोटात होतं.

दोघी तशाच उभ्या राहिल्या. उन्हं कलली, तेव्हा बोधिसत्त्व ओढ्याच्या पाण्यातून वर आले. मागच्या पायाचा लचका तुटला होता. पुढे आयुष्यभर ते लंगडतच चालले.

धूमिका त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि सगळं सांगून टाकलं.

"थोरले, मला ओली जागा का दिलीत, तेवढं सांगा."

"पाटला दोनदा जाईल हे मला ठाऊक होतं," बोधिसत्त्व म्हणाले. "तिला कोरडी जागा चालते. तू वीसदा जाशील हेही ठाऊक होतं. म्हणून तुला पाणी दिलं. पाणी वास धरून ठेवत नाही. पण हे मी तुला उलगडून सांगायला हवं होतं. 'म्हणूनच' एवढ्या एका शब्दावर आईचं समाधान होत नाही."

त्या उन्हाळ्यात दोन्ही पाडसं दलदलीतल्या बेटक्यावर एकत्र वाढली. एक आई सकाळी जाई, दुसरी संध्याकाळी, आणि जी जाई ती दोघांनाही पाजी.

श्रावस्तीच्या विहारात शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा दोन जावांना सांगितली. धाकटी सुयामा पहिलटकरीण होती. थोरल्या जावेच्या गुटगुटीत लेकीकडे पाहून पाहून तिनं अन्न टाकलं होतं. कथा संपता संपता थोरली पाणी आणायला उठली होती.

"त्या वेळचा नायक मीच होतो," शास्ते म्हणाले. "पाटला म्हणजे आता पाण्याला गेली आहे ती तुझी जाऊ."

सुयामानं मान खाली घातली. "आणि धूमिका?"

"ती आता दुसरीचं लेकरू मांडीवर घेऊन बसली आहे."

सुयामानं पाहिलं. जावेची लेक तिच्याच मांडीवर होती, आणि नकळत तिचा हात त्या पोरीला थोपटत होता.

दुसऱ्याचं लेकरू पोटभर प्यालेलं पाहून जे मन निवतं, त्या मनाच्या गुणाला मुदिता म्हणतात.