जागा आहे

त्या डोंगरावर खाली ठेवलेलं काहीच टिकत नसे. वाळवीचंच राज्य होतं ते. आज ठेवलेल्या वस्तूची उद्या माती. पलीकडच्या कड्यात मात्र काळ्या दगडाची एक गुहा होती, आणि दगडाला वाळवी लागत नाही. म्हणून जुन्या जाणत्यांनी दरीवर वेलींचा दोर ताणला, त्याला पाळणा टांगला आणि जपून ठेवावंसं वाटेल ते पलीकडे धाडायचा रिवाज पाडला. कुणी पिल्लाचं पहिलं झडलेलं पीस धाडी, कुणी अंड्याचं टरफल. पाळणा गुहेच्या तोंडाशी खुंटाला अडखळून कलंडे, आतली बोचकी गुहेत घरंगळत आणि अलीकडची माकडं पाळणा मागे ओढून घेत. पाळणा रिकामा आला की झालं, वस्तू सुखरूप.

गुहेवर राखणीला एक पिंगळा बसवला होता. अलीकडच्या काठावर टिटवीची नेमणूक होती. प्रत्येक खेपेआधी टिटवी मान ताणून हाक मारी, "जागा आहे का?" पलीकडून पिंगळ्याचा घुमणारा आवाज येई, "जागा आहे." मग टिटवी चौकीवर हिरवं पान लटकवी आणि पाळणा सुटे. जागा संपली तर लावायला पिवळं पानही तिच्याजवळ होतं. ते एकदाही लावायची वेळ आली नाही, याचा तिला कोण अभिमान!

त्या उन्हाळ्यात ठकू नावाच्या एका खारीचं पिल्लू घारीने उचललं. मागे राहिला तो एक बेहडा, पिल्लाने अर्धवट कुरतडून टाकलेला. त्यावर त्याचे इवलेसे दात उमटले होते. बाकी काही म्हणजे काही उरलं नव्हतं. पंधरा दिवस ठकूने तो बेहडा खाली ठेवला नाही. पण एक हात असा कायमचा अडकल्यावर खारीने झाडावर चढायचं कसं, आणि खायचं काय? वाळून काटकी झाली बिचारी. शेजारणी म्हणाल्या, धाड तो पलीकडे आणि मोकळी हो.

ठकूचं मन होईना. ती टिटवीकडे गेली आणि आत जागा किती उरलीय, तेवढं विचाराल का, म्हणाली. टिटवीने तिला नखशिखान्त न्याहाळलं.

"अगं, मला 'आहे का' एवढीच हाक नेमून दिलीय. 'किती'ची हाक नाही माझ्याकडे."

शिवाय हिरवं पान दिसत नाही का, असंही तिने विचारलं. पान दिसत होतं. चांगलं हिरवंगार होतं. तरी बेहडा छातीशी धरून ठकू स्वतःच पाळण्यात जाऊन बसली. असं आजवर कुणी केलं नव्हतं. मनाई नव्हती, सुचलंच नव्हतं कुणाला.

पाळणा कलंडला तशी ठकू उडी मारून कपारीला चिकटली. आणि बघते तर काय, गुहेला तोंडच नाही! बोचक्यांवर बोचकी, पार छतापर्यंत. त्यांच्या मधोमध पिंगळा रुतून बसलेला. पंख अंगाशी दाबले गेलेले, नुसती मान तेवढी फिरत होती. डोळे लालभडक.

"पिंगळेदादा, इथे तर तसूभर जागा नाही," ठकू म्हणाली. "मग रोज आहे आहे काय म्हणता?"

पिंगळ्याला ते फार लागलं. आपण राखणदार आहोत, राखणदाराला लोक दुसरं काय विचारणार, असं त्याचं म्हणणं पडलं.

"जागा आहे का विचारतात, मी जागा आहे म्हणून सांगतो. उभ्या जन्मात खोटं बोललो नाही. अंग टाकायला जागा नाही, बाई. म्हणून तर जागा आहे."

मग येणारी बोचकी जातात कुठे, हे ठकूने विचारलं तेव्हा तो म्हणाला, खडखड ऐकू येते खालून. ठकूने दरीत डोकावून पाहिलं. तळाशी ओढ्याच्या चिखलात पिसं, टरफलं, फाटकी बोचकी, वर्षानुवर्षांची.

तेवढ्यात पलीकडून हाक आली. ठकूने पिंगळ्याच्या विनवण्या केल्या, या एका वेळी उत्तर देऊ नका. पण गप्प राहिलो तर झोपलो म्हणतील, आणि ते त्याला मरणाहून वाईट वाटत होतं. शेवटी ठकूच जीव खाऊन ओरडली, जागा नाही, जागा नाही! खारीचा चिरका आवाज तो, निम्मी दरीही ओलांडेना. तिच्या डोक्यावरून पिंगळ्याचं उत्तर घुमत गेलं, "जागा आहे."

पाळणा आला, कलंडला. बोचकी पिंगळ्याच्या छातीवर आपटून एकेक करून दरीत गेली. पाळणा मागे ओढला जायच्या आत ठकूला तो गाठायचा होता आणि दोर धरायला चारही पाय लागणार होते. बेहडा ठेवायला आता एकच जागा उरली होती. तिने तो तोंडात पार आत, दातांखाली धरला आणि उडी घेतली.

अलीकडे ही गर्दी! पाळणा टेकायच्या आधीच सगळे बोचकी आत कोंबू लागले. ठकू पाळण्याच्या काठाला चारही पायांनी लोंबकळत होती, आणि खाली वाळवीची माती नुसती वळवळत होती. दातांची पकड जराशी सैल केली असती तर तिला बोलता आलं असतं.

"पोचला ना गं?" टिटवीने विचारलं.

ठकूने दात आणखी घट्ट आवळले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सगळ्यांनी पाहिलं, बेहडा तिच्या हातात नव्हता. शेजारणींनी हायसं वाटून एकमेकींकडे बघितलं. टिटवी मान ताणून पलीकडे हाक मारायला वळली.