शिळ्याचं रडणं

एकदा काय झालं, एका राज्यात टाकलेलं अन्न रडायला लागलं. उकिरड्यावर भात पडला की भात रडायचा. भाकरी पडली की भाकरी. लोकांनी कानात कापूस घातला आणि जेवत राहिले. राजाला मात्र ते जमेना. तो पानावर बसला की बाहेरून रडणं यायचं आणि घास खाली उतरायचा नाही. राजा वाळत चालला, बरं का.

मग तो स्वतःच हिंडायला निघाला. ज्या घरामागे रडणं नसेल, त्या घरची रीत शिकून घ्यावी म्हणाला.

पहिलं घर देसायांचं. माणसं आठ आणि भात विसांचा. देसाईण म्हणाली की अवचित पाहुणा आला तर कमी पडायला नको. पाहुणा काही येत नव्हता. उकिरडा हंबरडा फोडत होता.

मग दुसरं घर. तिथे रोज नवी भाजी यायची आणि कालची टोपलीच्या तळाशी कुजायची. तिथेही रडणं.

मग तिसरं घर, गणोबा साळ्याचं. मागे गेला तर सगळं शांत. नुसती राख आणि शेण.

गणोबा छाती काढून म्हणाला, "सरकार, आमच्यात एक शीत वाया जात नाही."

"युक्ती काय?"

"युक्ती कसली? उरलंसुरलं हिचं. हिला सवय आहे."

राजाने खूश होऊन त्याला पागोटं बांधलं. मग त्याच्या बायकोला, ठकूबाईला, लुगडं द्यायला पुढे झाला, तर बारीक रडणं ऐकू आलं. परवाचा भात रडत होता. आंबलेली आमटी रडत होती. तिच्या पोटात, बाळांनो.

राजाने हळूच विचारलं, "बाई, ताजं कधी खाल्लंस?"

ठकूबाईने पुष्कळ आठवून पाहिलं. मग म्हणाली, "लग्नात खाल्लं होतं."

राजाने पागोटं काढून घेतलं आणि दवंडी पिटवली. कोण किती खाणार ते विचारून मगच पीठ काढायचं. कालचं उरलेलं आधी सगळ्यांच्या पानात, थोडं थोडं. आणि तव्यावरची पहिली भाकरी, जी थापते तिची.

मग रडणं थांबलं. राजा पोटभर जेवला. राज्य सुखात नांदू लागलं.

आणि ठकूबाई? तिच्या पुढ्यात पहिली गरम भाकरी आली. तिने चतकोर मोडली, चावली आणि बाकीची फडक्याखाली झाकून ठेवली. गणोबा म्हणाला, "अगं, खा की."

"सकाळी खाईन," ती म्हणाली. "ताजी घशाखाली जात नाही आता."

एवढीच गोष्ट. निजा आता. तुमची आजी अजून चुलीपाशीच आहे. टोपलीत दोन भाकऱ्या उरल्यात, मी बघून आलोय. सकाळी त्या ताकात कुस्करायच्या आणि तुम्ही आणि मी खायच्या. तिला सांगू नका. ती आधी उठते.