लटारूची हाक

आटपाट खाण होती म्हणा ना! फार वर्षांपूर्वी, सावरटोल्यात वीज यायच्या आधी, माणसं हातात कंदील घेऊन कोळशाच्या खाणीत उतरायची. त्या खाणीत लटारू कुळमेथे छताला लाकडी टेकू लावायचा. पण गाव त्याला ओळखायचं ते त्याच्या आवाजावरून.

शिफ्ट सुटली की तो खाणीच्या तोंडाशी उभा राहून एकेकाचं नाव पुकारायचा. आतला माणूस "ओ" द्यायचा आणि वर यायचा. शेवटचा "ओ" येईपर्यंत कोणी घरी जात नसे. असं म्हणतात, ती हाक वस्तीत पोचली की बायका चुलीवर तवा चढवायच्या.

एका पोळ्याला लटारूचा धाकटा भाऊ मंगरू चारचौघांत म्हणाला, "आमचा दादा ओरडते म्हणून गावातले कोंबडे रिकामे झाले, बाप्पा!"

सगळे हसले. लटारू हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं मंगरूचं नाव पुकारणंच सोडलं.

बायको गिरजा म्हणायची, "राग घरात ठेवा ना. हाकेत कायले आणता?"

"त्याले डोळे हायेत. येते तो चौघांसंगं."

आणि मंगरू यायचा. म्हणून कोणाला काही वाटलं नाही.

मग एका दुपारी जुन्या, सोडून दिलेल्या भुयारातलं पाणी भिंत फोडून खाणीत शिरलं. माणसं तोंडाकडे धावली. लटारूनं नावं पुकारली, "ओ" आले, माणसं वर आली. मुकादमानं विचारलं, "सगळे आले?"

"आले," लटारू म्हणाला.

गिरजा डबा घेऊन आली होती. तिनं गर्दीवरून नजर फिरवली. "अन् भाऊजी?"

लटारूनं कंदील उचलला आणि "मंगरू, मंगरू रे" करत तो उतारावरून आत गेला. कोणाचा हात त्याला धरू शकला नाही.

मंगरू पार टोकाच्या भुयारात होता. दिवा विझलेला, पाणी छातीला लागलेलं. असं म्हणतात, हाक पाण्यावरून चालत त्याच्यापर्यंत गेली. जिथं वाट फुटायची तिथं ती बरोबर वाटेवर उभी राहायची, आणि तिचा सूर टिकेपर्यंत पाणी चढायचं विसरायचं. मंगरू "ओ दादा, ओ" करत उजेडात आला आणि त्यानं आजूबाजूला पाहिलं.

"दादा कुठं गेला? माझ्या पुढंच तं होता!"

त्याच्या पुढून वर कोणीच आलं नव्हतं.

मग मंगरू तोंडाशी बसून हाका मारू लागला. त्याचा आवाज बसला, दिवस मावळला. असं म्हणतात, तेव्हा खोलातून एकदाच, अगदी स्पष्ट, "ओ" आला. त्यानंतर पाण्यानं खाण भरली.

आता खाण बंद आहे. तिच्या पाण्यावर बगळे उतरतात. पण सावरटोल्यात अजूनही लग्नाची पंगत बसली की घरचं वडीलधारं माणूस पहिली हाक देतं ती ज्याच्याशी अबोला आहे त्याला. लटारूच्या नावानं द्यायची म्हणून देतं. बोलणं सुरू झालंच पाहिजे असं नाही, पण "ओ" आला पाहिजे.

मागच्या वैशाखात एका मांडवात थोरल्या जावेनं धाकटीला हाक दिली. धाकटी मांडवाच्या खांबाला टेकून उभी, तोंड फिरवून. भात निवला, वरणावर साय धरली. परगावचे पाहुणे चुळबुळ करू लागले. सावरटोल्याच्या एकाही माणसानं घास उचलला नाही.

मग पदरामागून बारीक आवाज आला, "ओ."

आणि पंगत जेवली.