ओंजळभर पाण्यात हिजकीयाबापू

बुडवल्याशिवाय सून घरात घ्यायची नाही, असं हिजकीयाबापू आढाव म्हणाले, आणि बापू एकदा म्हणाले म्हणजे विषय संपला.

बोरखडीत चर्च दोन. एकीकडे तान्ह्या पोराच्या कपाळाला पाणी लावून बाप्तिस्मा देतात. दुसरीकडे माणूस कळता झाला की त्याला हौदात अख्खा बुडवून काढतात. देव एक, पुस्तक एक, भांडण पाण्याचं. गावानं एकांना शिंतोडेवाले नाव ठेवलं, दुसऱ्यांना डुबकीवाले. बापू डुबकीवाल्यांचे मुख्य पंच. लिंबाची बाग त्यांची, मंडळीचा बाप्तिस्म्याचा हौदही त्यांच्याच अंगणात. अशा माणसाला अक्कल कोण शिकवणार?

आणि त्यांचा पोरगा अब्नेर नेमका शिंतोडेवाल्या सीलास साळव्याच्या तबीथावर भाळला. बागेत लिंबं वेचायला यायची ती. वेचायची कमी, बोलायची जास्त. पण बोलायची ठसक्यात.

बापूंनी निरोप धाडला होता. शनिवारपर्यंत पोरगी हौदात उतरली तर ठीक, नाहीतर रविवारी चर्चमध्ये अब्नेरच्या लग्नाची पुकार पलीकडच्या गावच्या पंचांच्या मुलीबरोबर वाचली जाईल. पुकार वाचली की गावासमोर शब्द गेला, मग माघार नाही.

एका डुबकीनं तबीथा काही मरणार नव्हती. पण ती जन्मली ते दुष्काळाचं वर्ष. विहिरी खडखडीत. तिच्या बाप्तिस्म्यासाठी सीलासनं दोन कोसांवरून तांब्याभर पाणी आणलं होतं, वाटेत स्वतः घोटसुद्धा न घेता. ते पाणी खोटं ठरवून घरी जायचं, तर बापाच्या तोंडाकडे बघायचं कसं? म्हणून शनिवारी दुपारी ती एकटीच आढावांच्या अंगणात येऊन उभी राहिली.

मार्थाकाकू, म्हणजे अब्नेरची आई, तिला पाय धुवायला पाणी द्यावं म्हणून हौदावरच्या हापशाकडे गेल्या. हापसा नुसता खरडला.

"मेल्याचा आतला चामड्याचा वायसर वाळलाय," काकू पुटपुटल्या. "पावसाळ्यापासून कुणाचा बाप्तिस्मा नाही. वरून पाणी पाजल्याशिवाय बोलायचा नाही हा."

बापू कोरड्या हौदाच्या काठावर बसले होते. धुवट धोतर, वर कोट, डोक्याला टोपी.

"आलीस? हौद भरायला सांगू?"

"नको बापू. माझा बाप्तिस्मा झालाय."

"त्याला आम्ही तोंड धुणं म्हणतो."

"तोंड कुठलं, नुसतं कपाळ," तबीथा म्हणाली.

अब्नेरला हसू फुटलं. बापूंनी बघितल्यावर ते विझलं.

"जीभ बरी चालते तुझी," बापू म्हणाले. "मग ऐक. तुमचं ओंजळभर पाणी पुरतं ना? तर एका ओंजळीत मला भिजवून दाखव. टोपीपासून वहाणेपर्यंत. कोरडा धागा राहिला तर उद्या पुकारीत दुसरीचं नाव."

"बापू, हे कसं जमायचं?" अब्नेर म्हणाला.

"तू गप. लग्न तुझं असलं तरी हौद माझा आहे."

तबीथानं आपल्या हातांकडे पाहिलं. एवढ्याशा ओंजळीत बापूंची टोपी आणि फार तर एक कान भिजला असता. तिनं हौदाकडे पाहिलं, वरून वाकलेल्या हापशाच्या तोटीकडे पाहिलं, आणि मार्थाकाकूंचं बोलणं तिला पुन्हा आठवलं.

"माझ्या हातचं पाणी एकच ओंजळ?"

"एकच. थेंब जास्त नाही."

"कबूल. पण बसायचं मी सांगेन तिथं, आणि डोळे मिटून."

"डोळे कशाला?"

"तुमच्यात बाप्तिस्म्याला डोळे उघडे ठेवतात का?"

"मिटतात," बापूंना म्हणावंच लागलं.

ते हौदात उतरले आणि तोटीखालच्या पायरीवर डोळे मिटून बसले. मुख्य पंच, कोटासकट. भिंतीवरून शेजारपाजारची डोकी वर आली.

तबीथानं माठातून ओंजळ भरली. एक थेंब न सांडता चालत आली आणि ती सगळी हापशाच्या घशात ओतली. मग पदर खोचून दांडा धरला. हापसा खरडला. मग त्यानं उचकी दिली. खोल कुठंतरी गुडगुडलं, आणि तोटीतून मनगटाएवढी धार बापूंच्या टोपीवर कोसळली.

"अगं ए, अगं..." पुढचं पाण्यात गेलं.

ती थांबली नाही. अब्नेरनंही धावत येऊन दांड्याला हात लावला. बापूंची एक वहाण तरंगत कोपऱ्यात गेली, तेव्हा कुठं दोघं थांबले.

"लबाड पोरी, ही एक ओंजळ?"

"माझी एकच. काकूंना विचारा."

"एकच हो," काकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या.

"मग हे बाकीचं कुठून आलं?"

"ते तुमच्या जमिनीखाली आधीच होतं, बापू. मी फक्त कोरड्या घशाला ओंजळभर पाजलं. मी तान्ही असताना माझ्या बापानंही तेवढंच केलं. वरून ओंजळ घातली. खालचं ज्याचं होतं, त्यानं वर आणलं."

बापूंच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. मग त्यांचं पोट हललं, खांदे हलले, आणि ते असे हसले की बागेतले बगळे उडाले.

"अब्नेर, पाळकांना सांग, उद्या पुकार हिच्या नावाची. दोन्ही चर्चमध्ये वाचायची. आणि ओढ्याकडची लिंबाची दहा झाडं आजपासून हिची. लिंबं वेचणारे दुसरे बघा."

काकू कोरडं धोतर घेऊन धावल्या. बापूंनी ते घेतलं नाही. एका पायात वहाण, दुसरा अनवाणी, असे फाटकाकडे निघाले.

"अहो, चाललात कुठं असे?"

"सीलासकडे, सोयरीक मागायला. बघू दे त्यालाही, त्याच्या ओंजळीत माणूस किती भिजतो ते."