आणणाऱ्याचा दोरा

"पण याच्यासोबत राहणार कोण?" कासमबाबांनी पुन्हा विचारलं.

तृप्ती सोनटक्केच्या कपाळावर आठ्या चढल्या. किती वेळा तेच ते सांगायचं या म्हाताऱ्याला!

"बाबा, मघाशीच सांगितलं ना? मानसोपचार विभाग आहे याच्यासोबत. व्यसनमुक्ती केंद्र आहे, दिव्यांग वसतिगृह आहे. सगळ्यांशी माझं बोलणं झालंय."

"ते कुठं हायत?"

"कुठं म्हणजे? आपापल्या जागी."

बाबांनी दर्ग्याच्या ओट्यावरून समोरच्या उघड्या माळाकडे पाहिलं, जणू ती मंडळी तिकडून येताना दिसतात का ते बघत होते...

मनाचे आजार, अपंगत्व आणि व्यसन या तिन्हींसाठीच्या सेवांची मोट बांधायची, हे तृप्तीचं काम. तीन खात्यांना एका टेबलाशी बसवणारी बाई अशी तिची जिल्ह्यात ख्याती होती, आणि ती काही खोटी नव्हती. गेल्या वर्षी तिने याच दर्ग्याच्या नावाने भर सभेत बोटं मोडली होती. आजारी माणसाला फकिराकडे काय नेता, दवाखान्यात न्या, असं ठणकावून सांगितलं होतं. टाळ्याही भरपूर पडल्या होत्या.

आज ती स्वतःच एका आजारी माणसाला घेऊन फकिराच्या दारात बसली होती. घशाखाली न उतरणारी गोष्ट होती, पण इलाज नव्हता.

तो माणूस म्हणजे गहिनीनाथ. वय चाळिशीच्या आसपास. उसाच्या चरकात त्याचा डावा हात कोपरापासून गेला. हात गेल्यावर दारू आली आणि दारूमागून कानात बोलणारी माणसं आली. परवा त्या माणसांनी सांगितलं म्हणून तो भर रस्त्यात आडवा पडला. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला, म्हणून वाचला. आज त्याला पुन्हा तो झोपायचा त्या एसटी स्टँडवर एकटं सोडलं, तर उद्या तो जिवंत सापडेल याची खात्री नव्हती. ते तृप्तीला पुरतं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिचा जीव टांगणीला लागला होता.

"घेत का न्हाईत त्याला?" बाबांनी विचारलं.

एवढंच विचारायचा अवकाश, तृप्ती उसळली.

"काय सांगू तुम्हाला! मानसोपचारवाले म्हणतात, आधी याची दारू सोडवा. केंद्रवाले म्हणतात, आधी कानातले आवाज थांबवा, मग दारूचं बघू. आणि वसतिगृहाचे साहेब तर दारातच आडवे! हात नाही, ते आमच्यात बसतं म्हणाले. पण पिणारा आणि बडबडणारा माणूस बसत नाही. आता हात वसतिगृहात ठेवू आणि डोकं दवाखान्यात?"

"हातच तर न्हाई," बाबा म्हणाले.

तृप्तीला हसूही येईना आणि रडूही.

"बैठकीत सगळे माना डोलावतात हो. माणूस समोर उभा केला की प्रत्येकाला शेजारचं दार आठवतं."

"मंग तू काय केलंस?"

"मी काय करणार? शेजारच्या दारी नेलं."

"...आन् तिथून?"

"तिथून पुढच्या."

"आन् आता हितं."

गहिनीनाथ मान खाली घालून कुणाशी तरी पुटपुटत होता. त्या कुणाला तरी तो "हो, हो" म्हणत होता.

"दोनच दिवस ठेवा," ती नरमाईने म्हणाली. "सोमवारी मी वरून आदेश आणते. या त्याच्या गोळ्या. सकाळ-संध्याकाळ एकेक. गोळ्या बंद करायच्या नाहीत, हां."

"गोळ्यांशी माझं कायबी भांडण न्हाई," बाबा म्हणाले. "आण हिकडं."

त्यांनी गोळ्या खिशात घातल्या आणि दुसऱ्या खिशातून हिरवा दोरा काढला.

तृप्तीने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. आलाच शेवटी दोरा! "बांधा. काय बांधायचं ते बांधा त्याला, पण लवकर. मला चार वाजता बैठक आहे."

"कशाची?"

"समन्वयाची."

बाबांनी मान हलवली. "हितं आजाऱ्याला दोरा बांधत न्हाईत, बाई. त्याला जो घेऊन येतो, त्याला बांधतेत. आन् बांधायचा आजाऱ्यानंच. ती गाठ बसल्याबिगर मी कुणाला ठेवून घेत न्हाई."

"अहो, पण त्याला एकच हात आहे!"

"दिसतंय मला."

दोरा गहिनीनाथच्या मांडीवर पडला. त्याने तो उचलला. तृप्तीने घड्याळ वर सरकवून मनगट पुढे केलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

त्याने दोरा गुंडाळला. तो घसरून खाली पडला. त्याने पुन्हा गुंडाळला, पुन्हा पडला. तृप्तीने वैतागून मोकळ्या हाताने एक टोक धरलं आणि खस्सकन ओढलं. त्याबरोबर दोरा त्याच्या बोटांतून निसटून सगळाच्या सगळा तिच्या हातात आला.

"बाबा, तुम्हीच बांधा ना! हा काय पोरखेळ लावलाय?"

"मला दोन हात हायत," बाबा म्हणाले. "माझी गाठ चालत न्हाई."

तृप्तीच्या मनात आलं, उठावं आणि चालू लागावं. खड्ड्यात जाऊ दे ते खातं, ती मोट आणि हा दोरा. तिचे डोळे रागाने भरून आले. तशीच ती गहिनीनाथकडे वळली.

"गहिनीनाथ, तू हे टोक धरून ठेव. मी खालून घेते."

त्याचं पुटपुटणं थांबलं.

"न्हाई म्याडम," तो म्हणाला. "तुमी धरा. मी घेतो."

सकाळपासून तिने त्याच्याविषयी चार ठिकाणी तोंडाला फेस येईपर्यंत सांगितलं होतं. तिच्याशी मात्र तो आत्ता पहिल्यांदा बोलत होता.

तिने टोक धरलं. त्याची बोटं लटलट कापत होती. दारू नव्हती पोटात, आणि दुसरंही काही नसावं.

"सकाळपासून काही खाल्लंस का रे?"

"तुमी तरी कुठं खाल्लं," तो म्हणाला. "सोडू नका, म्याडम. दाबून धरा."

तिने अंगठ्याने दाबून धरलं. त्याने टोक खालून घेतलं, वर काढलं, थांबला... कापणारी बोटं जरा स्थिर होईपर्यंत ती दोघंही थांबली. मग त्याने त्याच्या बाजूने ओढलं आणि तिने तिच्या.

गाठ बसली. वेडीवाकडी होती, पण घट्ट होती.

माळावर एक शेळी ओरडली. तृप्तीने मनगटाकडे पाहिलं. दोऱ्याच्या वर घड्याळ होतं, आणि बैठकीची वेळ होत आली होती.

ती पर्स सावरून उठली.

"झालं ना तुमच्या मनासारखं? आता तरी याला ठेवून घेताय ना, बाबा?"

"ठेवतो की. पण तू निघालीस तर चालंल का, ते आधी त्याला विचार."