गेनपोचा पट

भाविकहो, गुरुकृपेला कुठल्या देशाची शीव अडवत नाही. दूर जपानात, डोंगराच्या कुशीतल्या मात्सुनो नावाच्या खेड्यात एक मठ होता. तिथे दोएन महाराज राहत असत.

महाराज आता थकले होते. मठाची रीत अशी, की गुरूंनी रेशमी पटावर आपली तसबीर काढवून घ्यावी, वर स्वहस्ते आशीर्वाद लिहावा आणि शिष्याला द्यावी. गुरूंच्या मागे शिष्याने त्या पटालाच गुरू मानावे. त्यासाठी राजधानीहून मासाहिरा नावाचा चित्रकार आला. आपल्यासारखा हात देशात नाही, असा त्याचा तोरा. आणि हात खरोखरच तसा होता! चेहऱ्याचा रंग तो रेशमाच्या मागच्या बाजूने भरी. विणीतून तो असा उमटे, की कातडीखाली रक्त खेळते आहे असे वाटावे.

महाराज म्हणाले, "एक पट पट्टशिष्याला, एक गेनपोला."

गेनपो हा मठाचा आचारी. त्याला अक्षरओळखही नव्हती. मासाहिरा हसला. "चुलीपुढे बसणाऱ्याला तसबिरीतलं काय कळणार?"

गेनपो मान ताठ ठेवून म्हणाला, "तसबिरीतलं नाही कळत. माझ्या महाराजांचा चेहरा कळतो. उद्या मला तेवढाच उरणार आहे."

हे उत्तर मासाहिराला झोंबले. गेनपोच्या पटावर त्याने नुसत्या रेषा ओढल्या, मागून रंग भरलाच नाही, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून पटाच्या पाठीवर कागद चिकटवून टाकला. पट देण्यासाठी मठात सभा भरायची होती; तिथे सर्वांदेखत आचाऱ्याची जिरणार, म्हणून स्वारी खुशीत होती.

सभेत पट उलगडले. पट्टशिष्याच्या पटाची वाहवा झाली. गेनपोचा पाहताच लोक कुजबुजले, हा तर प्रेताचा चेहरा! गेनपोला रडू आवरेना. हेच मुख आता जन्मभर पुजायचे?

महाराजांनी शांतपणे कुंचला घेतला आणि वरच्या कोऱ्या जागेत आशीर्वाद लिहू लागले. काय आश्चर्य! ओळ पुढे सरके तसा खाली गालांवर, ओठांवर रंग चढू लागला. लिहून झाले तेव्हा पटावरचे महाराज जणू आता बोलतील असे दिसत होते.

मासाहिराने धावत जाऊन पट उलटा केला. त्याने चिकटवलेला कागद जसाच्या तसा होता.

महाराज हळूच म्हणाले, "मागचं काम तुमच्याकडून राहिलं होतं. तेवढं आम्ही केलं."

मागचा रंग राहिला, हे मासाहिरावाचून कुणालाच ठाऊक नव्हते. असा रंग आपल्या हातून कधी उतरला नाही, हेही त्यालाच सर्वांत आधी कळले. त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी गेनपोकडे बोट दाखवले. तेव्हा राजधानीचा तो चित्रकार आचाऱ्यापुढे वाकला आणि त्याचे कपाळ जमिनीला टेकले.

गेनपोने त्याला काजळलेल्या हातांनी उठवले आणि पटासमोर उभे केले.

"बघा," तो अभिमानाने म्हणाला, "आमचे महाराज असे दिसतात."