माळावरचे सात भुईउंदीर

एका राज्यात, जिथे पाखरं माणसांशी बोलत आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे, धवलसेन नावाचा राजा होता. त्याला सहा धाकटे भाऊ होते आणि इंदुलेखा नावाची राणी होती. एके दिवशी साती भावांनी एका मांत्रिकाचं पुरलेलं धन उकरलं. हंड्याला हात लागताच मांत्रिक समोर उभा राहिला.

"उकरायची एवढी हौस? मग जन्मभर उकरा!" त्याने चिमूटभर राख फुंकली आणि सातही जण भुईउंदीर झाले.

राणीने त्याचे पाय धरले. "उःशाप द्या."

"सातही जण आपखुशीने एका बिळात, अंगाला अंग लावून निजतील, त्या दिवशी सुटतील," मांत्रिक म्हणाला आणि हसला. मग नदीकाठच्या मळईत, गाळाच्या जमिनीत, त्यांना सोडून तो निघून गेला.

राणीला वाटलं, भाऊच ते, चार दिवसांत एकत्र येतील. पण मळईची माती लोण्यासारखी मऊ. दोन पंजे मारले की बीळ तयार, आणि दारातच गवताची गोड मुळं. कुणाला कुणाची गरज उरली नाही. दुसऱ्याचा वास आला तरी प्रत्येक जण दात विचकू लागला.

कपाळावर पांढरा ठिपका होता तो राजा. राणी रोज त्याच्या बिळाशी बसे, हाक मारी. आत माती हले, तिच्या काळजात आशा हले. आणि तो आतून ओल्या मातीचा बोळा सारून दार लिंपून टाकी. त्या बोळ्यावर तळवा ठेवून, तो सुकेपर्यंत ती बसून राही. असं वर्ष गेलं.

एकदा एक टिटवी तिच्याजवळ उतरली. "राणी, का झुरतेस?"

"महाराजांच्या मनातून मी उतरले, बाई. भाऊही उतरले."

"मनाला दोष देऊ नकोस. ही मातीच एकटं राहायला शिकवते. त्यांना माझ्या माळावर ने. पण तीन गोष्टी पाळ. उघड्या हातांनी ने. त्यांना दाणाही घालू नकोस. त्यांच्यासाठी ढेकूळही उकरू नकोस."

राणीने सातांना उघड्या हातांनी धरलं. साती जण तिला कडकडून चावले. राजाने सर्वांत खोल दात रुतवले. तिने हात सोडला नाही.

माळावर दगडासारखा मुरूम होता. कंद होते, पण खोल आणि एकमेकांपासून दूरदूर. वर घारी फिरत. प्रत्येकाने वेगळीकडे उकरायला घेतलं. तीन दिवसांत कुणाचं बीळ वीतभरही झालं नाही. चौथ्या दिवशी मुरूम कुरतडून राजाच्या तोंडातून रक्त येऊ लागलं. तो धापा टाकत पडला. राणीच्या हाताशी पहार होती, पदरात कंद होता.

"टिटवीबाई, ते मरतील!"

"आज तू घातलंस, तर उद्या तुझ्या दारी सात बिळं होतील. सातही वेगळी."

राणीने कंद दूर भिरकावला आणि तोंडात पदर कोंबून रडली.

तेवढ्यात सगळ्यांत धाकटा भाऊ सरपटत राजाच्या खळग्यात शिरला. राजाने दात विचकले, पण चावायचं बळ नव्हतं. धाकट्याने त्याच्या मागची सुटी माती पायांनी मागे लोटली. राजा क्षणभर थांबला. मग उठून पुन्हा मुरमाला भिडला. एक दातांनी पोखरी, दुसरा माती ढकली. सांजवेळी कंद लागला. दोघांनी दोन टोकांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिसरा आला, मग चौथा. सातव्या दिवशी साती जण एका रांगेत राबत होते आणि बिळाच्या तोंडातून मातीचं कारंजं उडत होतं.

त्या संध्याकाळी माळावर बोचरा गारठा पडला. उकरण्याचा आवाज थांबला. राणीने भुईला कान लावला. आत सात श्वास एका लयीत चालले होते.

मुरूम फाटला आणि सात पुरुष मातीने माखून उभे राहिले.

राणीने विचारलं, "महाराज, नदीकाठी मी रोज येत होते. आपण मला ओळखत होता?"

राजाने मान खाली घातली. "नाही. कुणीतरी वर बसतं, एवढंच कळे. आणि ते कधी एकदा जातं, असं होई." त्याने तिचे चावलेले हात हातांत घेतले. "तरी तू येत राहिलीस?"

"मी तर आपल्याला ओळखत होते ना," राणी म्हणाली.

मांत्रिकाचं धन जिथलं तिथे पुरलं गेलं. राजा सिंहासनावर बसला, भाऊ आपापल्या कामाला लागले. जसं तिचं वाट पाहणं फळाला आलं, तसं वाट पाहणाऱ्या साऱ्यांचं येवो.